रोमन लढाई वाचताना कोण बोलतंय आणि कोण नुसतं मनात म्हणतंय, हे कसं पकडायचं

सीझर, सॅलस्ट, लिव्ही, टॅसिटस, या रोमन इतिहासकारांपैकी कोणाचीही लढाई उघडा, तलवार बाहेर पडायच्या आधी कोणीतरी भाषण ठोकतंच. आणि आपण काय करतो तर ते भाषण भराभर उलटून पुढे जातो, कारण आपल्याला घोडदळ कुठून आलं आणि शेवटी किती मेले ते बघायचं असतं. माझं म्हणणं नेमकं उलटं आहे. या मंडळींच्या लढाईतल्या हालचाली बऱ्याचदा धूसर असतात, नकाशा काढायला बसलात तर डोकं धराल, पण कोणाच्या तोंडी पूर्ण वाक्य दिलंय, कोणाचं बोलणं दोन ओळीत गुंडाळलंय आणि कोणाच्या मनात शिरून आतलं बाहेर काढलंय हे मात्र अगदी ठरवून केलेलं असतं. लढाई कोणामुळे जिंकली, कोणामुळे हरली, याबद्दल लेखकाचं खरं मत तिथे दडलेलं असतं. तर ते कसं वाचायचं ते सांगतो. लॅटिन येत नसेल तरी नव्वद टक्के काम होतं.

सामान फारसं लागत नाही. एका पानावर लॅटिन आणि समोर इंग्रजी अशी लोएबची छोटी पुस्तकं येतात, त्यातली लाल घ्यायची, हिरवी ग्रीकची असतात. नाहीतर पर्सियस नावाची साइट आहे, तिथे दोन्ही फुकट. लोकलमध्ये जाड पुस्तक उघडायची सोय नसते म्हणून मी सरळ पंधरा-वीस पानांचे प्रिंटआउट काढतो, समास मोठा ठेवून, आणि चार रंगांचे पेन. एक रंग प्रत्यक्ष कथनाला, म्हणजे जिथे माणूस स्वतःच्या तोंडाने बोलतोय. दुसरा अप्रत्यक्ष कथनाला, म्हणजे लेखक सांगतोय की तो असं असं म्हणाला. तिसरा मनातल्या गोष्टीला, भीती, अंदाज, हिशोब, पश्चात्ताप वगैरे. चौथा गर्दीला, जिथे नाव नाही, नुसतं "काही जण म्हणत होते", "सैन्यात कुजबुज सुरू झाली".

इथे एक सावधगिरी. इंग्रजीत जी अवतरणचिन्हं दिसतात ती मूळ हस्तलिखितात नव्हती, संपादकांनी टाकली आहेत. मग रोमन वाचकाला कळायचं कसं? प्रत्यक्ष बोलणं असेल तर बहुतेक वेळा पहिल्या दोन-चार शब्दांनंतर मध्येच एक छोटा "म्हणतो" खुपसलेला असतो, लॅटिनमध्ये 'इन्क्विट', आणि तो दिसला की समजायचं माणूस स्वतः बोलतोय. अप्रत्यक्ष असेल तर वाक्याचा सांगाडाच बदलतो, आतला कर्ता द्वितीयेत जातो, क्रियापद "असणे, करणे" अशा मूळ रूपात येतं, आणि "मी" चा "स्वतः" होतो. शाळेत शंभर मार्कांचं संस्कृत घेतलेल्यांना हे आधी उलटं वाटेल, कारण संस्कृतात बोलणं आहे तसं ठेवून पुढे इति लावलं की झालं, आणि मराठीतही आपण "मी येतो असं तो म्हणाला" असंच बोलतो. म्हणून मराठीत मनातल्या मनात भाषांतर करत वाचलं की लॅटिनमधलं अप्रत्यक्ष बोलणं आपल्याकडून नकळत प्रत्यक्ष होऊन जातं आणि लेखकाने मुद्दाम ठेवलेलं अंतर गायब होतं. त्यामुळे रंग मारताना मूळ पानाकडे बघा. 'इन्क्विट' शोधायला लॅटिन यावं लागत नाही, डोळे पुरतात.

सरावाला फार्सलस घ्या. इ.स.पू. 48, ग्रीसमधलं थेसली, सीझर विरुद्ध पॉम्पी. सीझरच्याच 'यादवी युद्धा'च्या तिसऱ्या भागात प्रकरण 85 ते 99, म्हणजे एका बैठकीत होतं. सीझरने दिलेला हिशोब असा की समोर 45,000 आणि आपल्याकडे 22,000. हे आकडे त्याचे आहेत हे डोक्यात ठेवा आणि पेन उघडा.

पहिलं प्रत्यक्ष वाक्य सीझरचंच येतं, अगदी छोटं. तंबू काढून झालेत, सैन्य निघालंय, रांग छावणीच्या दारात आहे, तेवढ्यात दिसतं की पॉम्पीची फौज रोजच्यापेक्षा जरा पुढे आलीय, म्हणजे आज बरोबरीच्या जमिनीवर गाठता येईल. सीझर म्हणतो, आत्ता कूच राहू दे, लढाईचं बघू, अशी संधी पुन्हा सहज मिळायची नाही. बस. यात ना शौर्याचं नाव ना देशाचं. मग लगेच कॅमेरा पॉम्पीच्या बैठकीत जातो आणि तिथे भाषणं लांबतात. पॉम्पी म्हणतो, मला माहीत आहे मी जवळजवळ अशक्य वाटेल असं वचन देतोय, पण माझा बेत ऐका, रांगा एकमेकांना भिडायच्या आधीच सीझरची फौज उधळेल. त्याच्या मागून लॅबिएनस उठतो. हा गॉलमध्ये, म्हणजे साधारण आजच्या फ्रान्समध्ये, सीझरचाच उजवा हात होता, यादवीत तिकडे गेला. तो सांगतो, पॉम्पी, ज्या फौजेने गॉल आणि जर्मनी जिंकली ती ही नव्हे, त्यातले फार थोडे उरलेत, मी प्रत्येक लढाईत होतो, उगाच बोलत नाही. आणि शपथ घेतो की जिंकल्याशिवाय छावणीत परत येणार नाही. मग पॉम्पीही शपथ घेतो, मग सगळेच घेतात आणि खुशीत बाहेर पडतात, विजय मनातल्या मनात आधीच खिशात घालून.

आता समासात लिहा, हे सीझरला कसं कळलं? तो तर तिथे नव्हता. तर त्याने स्वतःच एक छोटा शेरा टाकलाय, "नंतर कळलं त्याप्रमाणे". असे शेरे वेगळ्या खुणेने अधोरेखित करा, ते पुढे कामाला येतात. लढाईनंतर 24,000 च्या वर लोक शरण आले असं तो शेवटी सांगतो, तेव्हा बैठकीची खबर देणारे कमी नव्हते.

पुढची पायरी, स्वतःच्या सैन्यासमोर सीझर जे भाषण करतो ते बघा. ज्या भाषणाची आपण वाट बघत असतो, नायकाचं, लढाईच्या तोंडावरचं, ते अप्रत्यक्ष आहे आणि जेमतेम काही ओळींचं आहे. मी तहासाठी किती धडपडलो याला तुम्हीच साक्षीदार आहात, सैनिकांचं रक्त उगाच सांडायचं माझ्या मनात कधीच नव्हतं, इतकाच आशय. एखाद्या अहवालासारखं. दादरला गाडीत भांडण झालेला माणूस घरी येऊन सांगतो तेव्हा स्वतःचे डायलॉग शब्दन् शब्द असतात, "मी त्याला तोंडावर सांगितलं", आणि समोरच्याचं मात्र "तो काहीतरी बडबडला". सीझर बरोबर उलटं करतो. समोरच्यांना पूर्ण डायलॉग देतो आणि स्वतःचं बोलणं मिटवून टाकतो. 'गॉलच्या युद्धा'त तर त्याने स्वतःच्या तोंडी एकही प्रत्यक्ष वाक्य दिलेलं नाही. ही नम्रता वगैरे समजू नका. समोरचे जितकं जास्त बोलतात तितके पुढच्या दोन पानांत जास्त हास्यास्पद दिसतात, हा त्यातला डाव आहे, आणि लॅबिएनसचं भाषण मला दर वेळी त्याच्यासाठी खणलेला खड्डा वाटतं.

मग आपल्या बाजूचं प्रत्यक्ष बोलणं कोणाला मिळतं? क्रास्टिनसला. आदल्या वर्षी दहाव्या लीजनमधला (लीजन म्हणजे रोमन पलटण) सगळ्यात मानाचा सेंच्युरियन, म्हणजे तुकडीचा नायक, होता, आता मुदत संपूनही पुन्हा बोलावल्यावर आलेला. शिंग वाजतं आणि हा ओरडतो, माझ्या जुन्या तुकडीतल्यांनो माझ्या मागे या, एवढी एकच लढाई उरलीय, ही झाली की सेनापतींना त्यांचा मान परत मिळेल आणि आपल्याला आपलं स्वातंत्र्य. आणि मागे वळून सीझरकडे बघत, "सेनापती, आज असं काही करीन की मी जिवंत असो नाहीतर मेलेला, तुम्ही माझे आभार मानाल." तो पहिला धावतो, मागून शंभर-सव्वाशे निवडक जण. आठ प्रकरणांनंतर मृतांचा हिशोब येतो तेव्हा सीझर पुन्हा त्याच्याकडे येतो, समोरून तोंडावर तलवार बसून मेला, जाताना बोलला ते खोटं ठरलं नाही, कारण सीझरच्या मते त्या लढाईत सगळ्यात मोठा पराक्रम क्रास्टिनसचा होता आणि त्याचे आपल्यावर उपकार आहेत. लक्षात आलं का, सैनिकाने प्रत्यक्ष बोलण्यात मागणी केली होती आणि सेनापतीचं उत्तर मनातल्या मतातून आलं. दोन रंग एकमेकांना जोडणारा बाण काढा. अशा जोड्या सापडायला लागल्या की वाचन एकदम बदलतं.

आता मनातलं. सीझरच्या मनातलं आणि पॉम्पीच्या मनातलं एकाच पानावर शेजारी ठेवून बघा. लढाई लागायच्या आधी सीझर समोरची रचना बघतो, त्याला भीती वाटते की इतक्या घोडदळाने आपली उजवी बाजू वेढली जाईल, आणि तो तिसऱ्या रांगेतून काही तुकड्या काढून चौथी रांग उभी करतो. भीती, आणि लगेच हुकूम. पुढे त्याच चौथ्या रांगेने घोडदळ उधळलं. उलट स्वतःचं घोडदळ पळालेलं दिसताच पॉम्पी घोड्यावरून छावणीकडे येतो आणि दारावर पहारा देणाऱ्या सेंच्युरियनना म्हणतो, "छावणी सांभाळा, काही वाईट घडलंच तर नीट बचाव करा, मी बाकीची दारं बघून येतो." हे प्रत्यक्ष बोलणं आहे आणि लेखक सांगतो की तो मुद्दाम मोठ्याने बोलला, सैनिकांना ऐकू जावं म्हणून. पुढच्याच वाक्यात तो तंबूत जाऊन बसतो, सगळं संपलं असं मनात धरून, तरी काय होतंय याची वाट बघत. बाकीची दारं बघायला तो गेला असं काही येतच नाही!

ही दोन वाक्यं मी नवख्या माणसाला पहिली दाखवतो. आधी मोठ्याने बोललेलं, लगेच मागून मनातलं, आणि दोन्हींत फट. त्या फटीत सीझरने पॉम्पीबद्दल जे म्हणायचं ते म्हटलंय, एकही शिवी न देता. आमचा तीन-चार जणांचा रविवारचा ग्रुप आहे, त्यात एक निवृत्त शिक्षक येतात, त्यांनी हे वाचून लगेच विचारलं, "अहो, तंबूत हा एकटा बसलाय ना, मग त्याच्या मनातलं सीझरला कोणी सांगितलं?" म्हटलं सर, तोच तर प्रश्न आहे, आता दोन प्रकरणं पुढे चला. तिथे पॉम्पी पळून जहाजावर चढतो आणि वाटेत सारखा कुरकुरतो की ज्यांच्या भरवशावर विजय मिळेल म्हटलं तेच आधी पळाले, जवळजवळ दगाच झाला. आणि या ठिकाणी मात्र सीझर हळूच "असं म्हणतात" जोडतो. सर हसले, "म्हणजे कुरकुरीला साक्षीदार हवा आणि निराशेला नको?" बरोबर तेच. ज्या मनःस्थितीवर त्याचं सगळं चित्र उभं आहे ती त्याने बिनदिक्कत सांगून टाकली आणि तुलनेने किरकोळ तक्रारीला पुराव्याची शेपटी लावली. म्हणून मघाशी म्हटलं, शेरे अधोरेखित करा. आणि जिथे शेरा असायला हवा होता पण नाहीये तिथे प्रश्नचिन्ह टाका, ते जास्त महत्त्वाचं.

फार्सलस झालं की सीझरचीच अजून एक जागा बघून घ्या, कारण मनातलं दाखवायला "त्याला वाटलं" असं लिहावंच लागतं असं नाही. इ.स.पू. 57, साबिस नदीकाठी नर्वी लोकांनी अचानक हल्ला केला ती लढाई, 'गॉलच्या युद्धा'चा दुसरा भाग, प्रकरण 25. एकच लांबलचक वाक्य आहे. सीझर उजव्या बगलेकडे येतो आणि बघतो की बाराव्या लीजनची माणसं एकाच जागी इतकी दाटलीत की एकमेकांच्याच लढण्यात आडवी येतायत, चौथ्या तुकडीचे सगळे सेंच्युरियन मेलेत, निशाणवाला मेलाय, निशाण गेलंय, बाकीच्या तुकड्यांचेही बहुतेक सेंच्युरियन जखमी नाहीतर मेलेले, बाकुलस नावाच्या अतिशय शूर माणसाला इतक्या जखमा झाल्यात की त्याला उभं राहवत नाही, मागचे काही जण हळूच सटकतायत, समोरून शत्रू थांबत नाहीये, पाठवायला राखीव कोणी नाही, आणि मग मागच्या रांगेतल्या एका सैनिकाची ढाल हिसकावून, कारण तो स्वतः ढाल न घेता आला होता, तो पहिल्या रांगेत घुसतो. एवढं सगळं झाल्यावर क्रियापद. तोपर्यंत आपण त्याच्या डोळ्यांनी बघत असतो, तो बघतो त्या क्रमाने, आणि श्वास घ्यायला जागा नसते. इंग्रजी भाषांतरात हे चार-पाच वाक्यांत तोडलेलं असतं, मराठीत मात्र क्रियापद शेवटी येत असल्याने छान बसतं, करून बघा. आणि पहिल्या रांगेत गेल्यावर तो काय बोलतो? सेंच्युरियनना नावाने हाका मारतो, रांगा मोकळ्या करा म्हणजे तलवार चालवायला जागा होईल असा हुकूम देतो. तेही अप्रत्यक्ष. भाषणाला वेळच नाहीये.

लिव्ही वाचताना ही सवय जरा बदलावी लागते. तो स्वतः कधी रणांगणावर नव्हता, दोनशे वर्षांपूर्वीचं लिहितोय, आणि त्याची भाषणं जोडीने येतात. इ.स.पू. 218 मध्ये टिकिनस नदीजवळ कार्थेजचा सेनापती हॅनिबल आणि रोमन कॉन्सल, म्हणजे त्या वर्षीचा प्रमुख अधिकारी, स्किपिओ यांची गाठ पडते, 21 वा भाग, प्रकरण 40 ते 44 नुसती भाषणं, आणि लढाई काय तर दोन प्रकरणं पुढे घोडदळाची एक चकमक. तिथे पानाच्या मधोमध रेघ मारा, डावीकडे स्किपिओचे मुद्दे, उजवीकडे हॅनिबलचे, आणि कोणता मुद्दा कोणत्या मुद्द्याला उत्तर आहे ते जोडा. स्किपिओ म्हणतो, समोर आल्प्सच्या थंडीने अर्धमेली झालेली भुतं आहेत. हॅनिबल आधी बोलतच नाही, पकडलेल्या डोंगरी कैद्यांना हत्यारं देऊन जिंकणाऱ्याला सुटका अशी झुंज लावतो, आणि मग सैन्याला सांगतो, आत्ता बघितलंत ते तुमचंच चित्र होतं. दोघांनी एकमेकांचं ऐकलेलं नाही, पण लिव्हीच्या पानावर ते वादविवाद करतायत. हा वाद वाचकासाठी आहे. क्विन्टिलियन हा वक्तृत्वाचा जुना मास्तर लिव्हीच्या भाषणांची तारीफ करतो ती याच कारणाने, की प्रत्येक बोलणं प्रसंगाला आणि माणसाला शोभतं. प्रत्यक्षात तसंच बोलले होते असा त्याचा दावाच नाही. आणि ही भाषणं लोक वेगळी काढून जवळ बाळगायचे, इतकं की सम्राट डोमिशियनने मेट्टियस पॉम्पुसियानस नावाच्या माणसाला मारलं त्याच्या कारणांमध्ये लिव्हीतली राजांची नि सेनापतींची भाषणं घेऊन फिरतो हे एक कारण होतं. आपल्याकडे नुसता स्टेटस टाकून अडचणीत येतात, तसला प्रकार.

आणि सुटी वाक्यं असतात ती वेगळी हाताळायची. कॅनीला हॅनिबलने रोमनांचा धुव्वा उडवल्यानंतर, इ.स.पू. 216, त्याच्या घोडदळाचा सरदार महरबल म्हणतो, पाचव्या दिवशी तू रोममधल्या कॅपिटॉल टेकडीवर विजयाची पंगत झोडशील, हॅनिबल म्हणतो विचार करायला वेळ दे, आणि महरबल, "जिंकायचं कसं ते तुला कळतं, हॅनिबल, जिंकलेल्याचं काय करायचं ते कळत नाही." आता लिव्हीच्या दीडेकशे वर्षं आधी कॅटो या रोमन लेखकाने हाच प्रसंग लिहिला होता, त्याची ओळ नंतरच्या गेलियस नावाच्या लेखकाने उतरवून ठेवल्यामुळे वाचली, आणि त्या ओळीत फक्त घोडदळ दे, पाचव्या दिवशी कॅपिटॉलवर तुझं जेवण तयार असेल, एवढंच आहे. टोला लिव्हीकडे दिसतो. आपल्याला हे नवीन नाही. 1760 च्या जानेवारीत बुराडी घाटावर पडलेल्या दत्ताजी शिंद्यांचं "बचेंगे तो और भी लढेंगे" आपण लहानपणापासून ऐकत आलोय, बखरीच्या परंपरेतून आलेलं, आणि त्या क्षणी आजूबाजूला मराठी माणूस कोण उरला होता हा प्रश्न विचारला की घरातली वडीलधारी मंडळी चिडतात. पण वाक्य खरं का खोटं यावर अडून बसलं की पुढचं दिसत नाही. विचारायचं असं की लेखकाने ते कुठे ठेवलंय, आणि ते काढलं तर कथा कशी वाचली जाईल. महरबलचं वाक्य काढा, कॅनी म्हणजे नुसता रोमचा सत्यानाश उरतो. ठेवलं की त्याच पानावर रोम वाचल्याचं कारण मिळतं, आणि लिव्ही लगेच तेच म्हणतो, त्या एका दिवसाच्या उशिराने शहर वाचलं असं मानतात.

एक गैरसमज इथेच काढून टाकतो, प्रत्यक्ष बोलणं म्हणजे लेखकाचा मान असं समीकरण करू नका. आलेसियाच्या वेढ्यात, इ.स.पू. 52, क्रिटोग्नाटस नावाचा गॉल सरदार सीझरकडून लांब, पूर्ण प्रत्यक्ष भाषण मिळवतो. सल्ला काय, तर अन्न संपलं तर लढायला निरुपयोगी लोकांना खाऊन दिवस काढू. सीझर उघड सांगतो की हे भाषण वगळता येत नाही कारण त्यातलं क्रौर्य असाधारण आहे. पण त्याच भाषणात रोमन गुलामगिरीबद्दल जे आहे ते इतकं धारदार आहे की वाचताना आपण डोकं हलवत राहतो. टॅसिटसचा काल्गाकस तसाच, ब्रिटनच्या उत्तरेत रोमनांसमोर उभा राहून म्हणतो, लुटणं, कापणं, पळवणं यांना हे साम्राज्य असं खोटं नाव देतात, आणि उजाड रान करतात त्याला शांतता म्हणतात. हा काल्गाकस आपल्याला टॅसिटसखेरीज कुठेच भेटत नाही. त्यावरून लगेच टॅसिटस साम्राज्याच्या विरोधात होता असं ठोकून देतात लोक, पण समोरचा सेनापती आग्रिकोला त्याचा सासरा आहे आणि सगळं पुस्तक सासऱ्याच्या कौतुकाचं आहे, तेव्हा जरा दमानं.

टॅसिटसकडे खरं शिकायचं ते गर्दीचं मन, चौथा रंग. दोन जागा सांगतो. एक, इ.स. 16, जर्मनीत लढणारा रोमन सेनापती जर्मेनिकस. मोठी लढाई तोंडावर आहे आणि सैन्याच्या मनात काय आहे ते त्याला कळायला हवंय. तो हिशोब करतो, अधिकारी खरं सांगण्यापेक्षा गोड सांगतात, नोकर मिंधे असतात, मित्र खुशमस्करी करतात, सभा बोलावली तर चार जण ओरडतील त्याला बाकीचे ओ देतील. मग रात्री जनावराचं कातडं खांद्यावर घेऊन, सोबत एकच माणूस, छावणीत फिरतो आणि तंबूंबाहेरून कान देतो. सभेतल्या भाषणांवर इतकी सडेतोड टीका दुसरीकडे क्वचितच सापडेल, आणि ती भाषण लिहिण्यात पटाईत असलेल्या लेखकाने केलीय.

दुसरी जागा उत्तर इटलीतलं क्रेमोना, इ.स. 69, रात्रभर चाललेली यादवी लढाई, 'हिस्टोरीज'चा तिसरा भाग, प्रकरण 24 आणि 25. सूर्य उगवतो, तिसरं लीजन सीरियातल्या रिवाजाप्रमाणे सूर्याला सलाम म्हणून आरोळी ठोकतं, आणि बातमी पसरते की नवी कुमक आली, तिचंच हे स्वागत. ही अफवा आपोआप उठली की सेनापतीने सोडली, टॅसिटस दोन्ही शक्यता ठेवून पुढे जातो. अशी "हे नाहीतर ते" वाली जागा दिसली की दोन्हींखाली रेघ मारा, टॅसिटस बहुतेक वेळा दुसऱ्या शक्यतेत विष ठेवतो. पाठोपाठ तो बाप-लेकाची गोष्ट सांगतो, आणि साक्षीदाराचं नाव देऊन सांगतो, लढाईत असलेला विप्स्टानस मेसाला. स्पेनचा युलियस मन्सुएटस एका लीजनमध्ये, मागे घरी राहिलेला मुलगा मोठा होऊन समोरच्या लीजनमध्ये. मुलगा बापाला पाडतो, अंगावरचं चाचपताना ओळख पटते, मरणाऱ्याला कवटाळून रडत रडत तो बापाच्या आत्म्याची क्षमा मागतो, मला पितृघाती समजून तोंड फिरवू नकोस, गुन्हा सगळ्यांचा आहे, एवढ्या मोठ्या यादवीत एक शिपाई म्हणजे कितीसा. हे सगळं अप्रत्यक्ष आहे. प्रत्यक्ष दिलं असतं तर नाटक झालं असतं असं माझं मत. मग आसपासच्यांच्या लक्षात येतं, रांगभर हळहळ पसरते, या युद्धाला शिव्याशाप. आणि पुढचं वाक्य, तरी नातलगांना, सोयऱ्यांना, भावांना मारणं आणि लुटणं जराही मंदावत नाही, गुन्हा झाला असं बोलतात आणि तेच करतात. बोलणं आणि करणं, मधे एक स्वल्पविरामाएवढी जागा. पॉम्पीच्या बाबतीत जी फट एका माणसात होती ती इथे अख्ख्या सैन्यात आहे.

खरं-खोटं तपासायचंच असेल तर दोन कोरीव लेख माहीत असू द्या. फ्रान्समध्ये ल्योंला 1528 साली ब्राँझचा पत्रा सापडला, त्यावर सम्राट क्लॉडियसचं इ.स. 48 चं सिनेटमधलं भाषण कोरलंय, आणि तेच भाषण टॅसिटसनेही दिलंय. भाषण लढाईचं नाही, पण तुलना करता येते, आशय बराचसा राखलाय, मांडणी आणि शब्द टॅसिटसचे. दुसरा आजच्या अल्जीरियात लांबाएसिसला, इ.स. 128 मध्ये सम्राट हेड्रियनने खऱ्याखुऱ्या सैनिकांसमोर केलेली भाषणं, आणि त्यात आहे काय तर तुमची कवायत चांगली झाली, एवढी भिंत इतक्या वेळात बांधलीत, शाब्बास. इतिहासाच्या पुस्तकातल्या सेनापतींपेक्षा कितीतरी साधं. 1993 साली मोगेन्स हॅन्सन या डॅनिश अभ्यासकाने एक लेख लिहून मांडलं की लढाईच्या तोंडावर पूर्ण सैन्यापुढे एकच लांब भाषण ही बव्हंशी इतिहासकारांची निर्मिती, सेनापती रांगेपुढून जाताना चार-चार वाक्यं बोलत असणार. यावर नंतर बरीच भांडणं झाली. बावीस हजार माणसांना लाउडस्पीकरशिवाय भाषण, आपण शिवाजी पार्कवरच्या सभा बघितलेली माणसं, आपल्याला हॅन्सन पटायला वेळ लागत नाही.

पुढे सरावाला पिस्टोरिया घ्या, इ.स.पू. 62, सॅलस्टच्या कॅटिलिनावरच्या पुस्तकाची शेवटची चार प्रकरणं, 58 ते 61. कॅटिलिना, रोमविरुद्ध बंड केलेला रोमन सरदार, भाषणाची सुरुवातच अशी करतो की शब्दांनी शौर्य वाढत नाही हे मला पक्कं माहीत आहे, आणि मग प्रकरणभर बोलतो, प्रत्यक्ष. विरुद्ध बाजूला सरकारी फौजेचा सेनापती पेट्रेयस घोड्यावरून फिरत एकेका जुन्या शिपायाला नावाने हाक मारतो, अप्रत्यक्ष, तीन-चार ओळी. मग लढाई, आणि लढाईनंतर कोणीच बोलत नाही. जिंकलेल्यांपैकी काही जण प्रेतं उलटवून बघतात, कोणाला मित्र सापडतो, कोणाला नातलग, कोणाला वैरी, आणि शेवटच्या वाक्यात फक्त भावनांची नावं आहेत, आनंद, दुःख, शोक, हर्ष. हे वाक्य तिसऱ्या रंगात घालायचं का चौथ्या, ते स्वतः ठरवा. सर तिसरा म्हणतात, मी चौथा म्हणतो, आणि ज्या इराण्याकडे आम्ही बसतो तो दोघांनाही चहा संपला की उठवतो.